लाइनमनची पोरगी आणि नाटकाचा कोर्स

परवा रात्री साडेदहाला धाकट्याचा फोन आला. एवढ्या उशिरा त्याचा फोन आला की आधी छातीत धस्स होतं, कारण अण्णा आता ७९ वर्षांचे आहेत. पण अण्णा ठणठणीत होते. अडचण वेगळीच होती.

"ताई, पोरगं ऐकत नाही. बारावीला मार्क बरे पडलेत आणि म्हणतंय फिल्म आणि मीडियाला जाणार. तूच समजव त्याला. तू त्याच लायनीतली."

तू त्याच लायनीतली! या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, तुला त्यातलं कळतं. दुसरा, तुझं काय झालं ते आम्ही बघितलंय. धाकट्याला यातला कुठला अभिप्रेत होता हे मी विचारलं नाही. बहुतेक दोन्ही.

त्याला "बघते, बोलते" म्हटलं आणि फोन ठेवला. मग झोप काही लागेना. भाच्याला काय सांगायचं? जा म्हणायचं तर कुठल्या तोंडाने, आणि नको म्हणायचं तर कुठल्या तोंडाने? तेव्हा म्हटलं, आधी स्वतःचाच हिशोब एकदा मांडून बघू. घरातली बरीच मंडळी इथे येऊन वाचतात (आणि वाचलं नाही असं सांगतात :)), तर त्यांच्यासाठीही हे.

तर गोष्ट १९९९ सालची. मी सांगलीत बी.कॉम. करत होते. करत होते म्हणजे नाव घातलेलं होतं. बाकी वेळ एकांकिकांच्या तालमीत जायचा. सांगलीचं वातावरणच तसं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात, आणि प्रत्येक सांगलीकराला ते आपल्या आजोबांनीच केलं असं वाटतं. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन ज्या प्रयोगावरून पाळतात तो हाच. आमचं घर तसं सांगलीतलं नव्हे, तासगावकडचं. अण्णा वीज मंडळात लाइनमन. द्राक्षबागांचा भाग, शेताशेतात पंप, म्हणजे रात्री-बेरात्री डीपी जळालाय, तार तुटलीय, कुणीतरी आकडा टाकलाय, हे चालूच. सायकलला बांधलेली शिडी आणि खांद्याला पक्कड-टेस्टरची पिशवी हे माझ्या लहानपणातलं वडिलांचं चित्र.

बी.कॉम. झाल्यावर मी घरी सांगितलं की मला विद्यापीठात नाट्यशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय. विद्यापीठाचं नाव इथे घालत नाही, कारण पुढे एक अपघात येणार आहे आणि त्याचा दोष त्या विभागाच्या माथी नको. आईने पदर डोळ्याला लावला. मामाने विचारलं, "म्हणजे नटी होणार?" अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "दोन वर्षं?" मी म्हटलं हो. "महिना किती?" मी म्हटलं, हॉस्टेल-मेस धरून बाराशे. "बरं." एवढंच. यातून पुढे काय, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. मला तेव्हा वाटलं, अण्णांना पटलं. पटलं नव्हतं, हे कळायला मला बारा वर्षं लागली. ते पुढे येईलच.

मला अभिनय शिकायचा होता. नाटकाच्या कोर्सला येणाऱ्या बहुतेकांना तोच शिकायचा असतो. आमच्या वर्गात चौदा जण होते आणि चौदाही जण पहिल्या दिवशी मनातल्या मनात प्रमुख भूमिकेत होते. सरांनी पहिल्या आठवड्यात आमच्याकडून काय करून घेतलं असेल? रंगमंच झाडून घेतला. रोज सकाळी साडेसातला. झाडू मारताना खिळे वेचायचे, कारण संध्याकाळी तिथे अनवाणी पायाने काम करायचं असतं. चौथ्या दिवशी एक मुलगा पुटपुटला की आम्ही काय झाडलोट करायला आलोय का. सर म्हणाले, "ज्याला खिळा दिसत नाही त्याला सहकलाकार काय दिसणार?"

मग हळूहळू अभ्यास सुरू झाला. लोकांना वाटतं तिथे नुसत्या उड्या मारायला शिकवतात. उड्याही होत्या, नाही असं नाही. पण नाट्यशास्त्र वाचावं लागलं. मी ते पोथी म्हणून उघडलं आणि निघाला चक्क कामाचा ग्रंथ. दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृह कसं बांधावं ते दिलंय. विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे तीन आकार, आणि माणसांच्या नाटकासाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद हे मधलं माप चांगलं. त्याहून मोठं केलं तर नटाचा शब्द नीट पोचत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाची काळजी होती, हे वाचून मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. आणि पहिला अध्याय तर धमालच आहे. पहिलावहिला प्रयोग, नाटकात दैत्यांचा पराभव, प्रेक्षकांत दैत्य! ते चिडतात, विघ्नं येतात, नटांची वाचाच बसते, आठवलेलं विसरतं. मग इंद्र ध्वजाचा दांडा उचलून विघ्नांचं जर्जर करतो, आणि ब्रह्मदेव म्हणतो की आता आधी नीट नाट्यगृह बांधा आणि प्रत्येक कोपऱ्यावर राखणीला देव बसवा. थोडक्यात काय, पहिल्याच प्रयोगात गोंधळ झाला आणि मग सुरक्षेची व्यवस्था झाली. हे वाक्य तेव्हा मी हसत हसत वहीत लिहिलं होतं.

दुसऱ्या सत्रात प्रकाशयोजनेचा विषय आला. सरांनी खोली बंद करून पूर्ण अंधार केला, एका मुलीला मध्ये बसवलं आणि एक मेणबत्ती तिच्याभोवती फिरवत नेली. समोरून, बाजूने, मागून, वरून, हनुवटीखालून. मुलगी तीच, चेहरा हलत नव्हता, पण ती कधी देवी वाटली, कधी चेटकीण, कधी नुकतीच रडलेली. शेवटी मेणबत्ती विझवली तेव्हा कुणीच बोललं नाही. माझ्या डोक्यात मात्र त्या दिवशी काहीतरी लागलं. अभिनयात मी बरी होते, बरीच. पण हे माझं होतं.

मग मी वाचत सुटले. अॅडॉल्फ आपिया नावाचा एक स्विस माणूस (१८६२-१९२८), त्याने सांगितलं की रंगवलेल्या पडद्यांवर सपाट उजेड ओतू नका, नट हा घन आकार आहे, त्याला सावल्या पाहिजेत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातला स्टॅनली मॅककँडलेस, त्याने १९३२ साली पुस्तक लिहून पद्धतच बसवून दिली: रंगमंचाचे भाग पाडा, प्रत्येक भागाला दोन बाजूंनी ४५ अंशांतून दिवे द्या, एक उबदार आणि एक थंड रंगाचा. आणि आपल्याकडचे तापस सेन! त्यांनी १९५९ साली कलकत्त्यात 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरताना दाखवलं, पाण्याचा एक थेंब न वापरता. 'सेतू'मध्ये रंगमंचावरून आगगाडी नेली, तीही निव्वळ उजेड आणि आवाज यांच्या जोरावर.

सुट्टीत घरी गेल्यावर हे सगळं अण्णांना सांगायचे. त्यांना आपियाशी काही घेणं नव्हतं. पण पूर्वी मिठाच्या पाण्याच्या भांड्यात धातूच्या पट्ट्या खालीवर करून दिवा मंद करायचे, हे सांगितलं तेव्हा त्यांनी भाकरीचा घास हातातच ठेवला. "मिठाच्या पाण्यातनं? मग पाणी उकळत असंल की." उकळायचं म्हणे, मी म्हटलं. "शानी माणसं," अण्णा म्हणाले. नाटकातल्या माणसांबद्दल त्यांनी काढलेले ते पहिले बरे उद्गार.

आता अपघाताबद्दल. २००१ चा मार्च. आमचं शेवटच्या वर्षाचं नाटक, वर्गातल्याच एकाने लिहिलेलं. एका खेड्यातलं घर, संध्याकाळी सातपासून पहाटेपर्यंतची एक रात्र. मुंबईहून मुलगा येणार असतो आणि येत नाही, आई जागी राहते, एवढंच कथानक. प्रकाशयोजना माझी. अठरा दिवे मिळाले, हजार-हजार वॅटचे. वायर विकत आणायची होती आणि पैसे कमी होते. तीन कोअरची वायर महाग पडत होती म्हणून मी दोन कोअरची आणली. म्हणजे फेज आणि न्यूट्रल आहे, अर्थ नाही. शिवाय सगळे दिवे एकाच फेजवर घेतले, कारण बाकीच्या दोन फेजपर्यंत वायर पुरत नव्हती. अठरा किलोवॅट म्हणजे सगळे पेटवले तर ७८ अँपिअर. फ्यूज उडायला लागला. मी काय केलं? फ्यूजला जाड तार घातली.

लाइनमनच्या पोरीने फ्यूजला जाड तार घातली!! लहानपणापासून ज्या एका गोष्टीवरून अण्णा गावभर लोकांना शिव्या घालत फिरले, ती गोष्ट मी स्वतःच्या हाताने केली, आणि का, तर प्रयोग चार दिवसांवर आला होता.

रंगीत तालमीच्या दिवशी आमचा एक वर्गमित्र शिडीवर चढून दिव्याचा कोन बदलत होता. त्या दिव्याच्या आतली वायर कुठेतरी सोलली गेली होती आणि पत्र्याला लागत होती. अर्थ नसल्याने सगळा करंट दिव्याच्या अंगावर उभा. त्याने हात लावला आणि तो वरून खाली आला. साधारण आठ फूट. मनगट मोडलं. बस, मनगटच. हे "बस" लिहिताना आजही माझा हात थांबतो.

त्याला प्लास्टर घालून आणलं. तो बिचारा हसत होता, "आता माझी भूमिका हात बांधलेल्या माणसाची" म्हणत होता. सर रागावले नाहीत. ते म्हणाले, वायरिंग दुरुस्त झाल्याशिवाय प्रयोग होणार नाही, आणि इलेक्ट्रिशियनला पैसे नाहीत. मी एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि अण्णांना बोलवायला सांगितलं. पाच मिनिटांनी परत लावला. काय झालं ते सगळं सांगितलं. जाड तारेचंही सांगितलं. पलीकडून काही आवाज नाही. मीटरवर रुपये पळत होते. मग अण्णा म्हणाले, "मेन स्विच बंद करून ठिव. येतो."

रात्रीची एसटी धरून ते सकाळी सहाला हजर. हातात तीच पिशवी: पक्कड, टेस्टर, टेस्ट लॅम्प, आणि आईने दिलेल्या दशम्या. मला एक शब्द बोलले नाहीत. आधी त्या मुलाकडे गेले, त्याच्या प्लास्टरच्या हाताला हात लावला, "चूक आमची हाय" म्हणाले. आमची. मग कामाला लागले. सगळे अठरा दिवे खाली उतरवून एकेक उघडला. कुठून तरी ओळख काढून तीन कोअरची वायर उधारीवर आणली. दिवे तीन फेजवर सहा-सहा वाटले. फ्यूजमधली माझी जाड तार उपसून काढली आणि माझ्या हातात ठेवली. अजूनही काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्थिंगचा खड्डा कुठंय?" आम्हा चौदा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या इमारतीत काढली होती आम्ही! शेवटी तो मागच्या बाजूला झुडपात सापडला, खडखडीत कोरडा. मार्चचं ऊन. अण्णांनी मीठ आणि कोळसा मागवला, खड्ड्यात घातला, आणि आमच्याकडून बादल्या बादल्या पाणी ओतवून घेतलं. त्या ओळीत प्रमुख भूमिकेतला नटही होता. पाणी मुरेपर्यंत सगळे खड्ड्याभोवती उकिडवे बसून राहिलो. मला वहीतला तो पहिला अध्याय आठवत होता, इंद्र, जर्जर आणि कोपऱ्याकोपऱ्यावरचे राखणदार. हसू मात्र आलं नाही.

संध्याकाळी प्रयोग झाला. अण्णा खुर्चीवर बसायला तयार नव्हते. ते माझ्या मागे, डिमरशेजारी उभे राहिले. नाटकाकडे बघत होते की पॅनलकडे, देव जाणे. प्रयोग संपला, टाळ्या झाल्या. रात्री अकराची एसटी होती. स्टँडवर चहा घेताना मी विचारलं, "अण्णा, कसं वाटलं?"

"नाटकातलं मला काय कळतंय," ते म्हणाले. मग बशीतला चहा संपवून, "ते घरातलं बल्ब मातर चुकलंय तुझं."

नाटकात घराच्या मध्यभागी एक बल्ब लोंबत होता, साठ वॅटचा. रात्र वाढत जाते तसतसा मी तो हळूहळू मंद करत नेला होता. रात्र गडद, आईची आशा कमी, उजेड कमी. मला त्या कल्पनेचा फार अभिमान होता. सरांनीही पाठ थोपटली होती.

"सांजच्याला सातला सगळं गाव दिवं लावतंय," अण्णा म्हणाले. "व्होल्टेज पडतंय. बल्ब तांबडा होतोय, निखाऱ्यागत. अकरा वाजलं, गाव झोपलं, की त्योच बल्ब पांढराफेक पेटतोय. रातच्याला फॉल्टवर जाताना मला लांबनं कळतंय कुठल्या घरात कोण जागं हाय. एकट्या जाग्या असलेल्या बाईला उजेड जास्त मिळतोय पोरी, कमी न्हाय."

एसटी आली. ते गेले.

मी रात्रभर जागी होते. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात क्यू शीट बदललं. बल्ब संध्याकाळी तांबूस आणि मंद. गावातले आवाज एकेक करून बंद होत गेले तसा तो वाढत गेला. शेवटच्या प्रवेशात आई एकटी, आणि डोक्यावर डोळ्यांना टोचेल असा पांढरा उजेड. लपायला एक कोपरा नाही. प्रयोगानंतर सर पॅनलपाशी आले. "का वाढवलास?" मी अण्णांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सर थोडा वेळ बल्बकडे बघत राहिले. म्हणाले, "ठेव."

माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणाचं सार विचारलंत तर मी हे सांगेन. आपियाही खरा आणि अण्णाही खरे. पण आपिया वाचला नसता तर अण्णांचं वाक्य मी गावठी तक्रार म्हणून सोडून दिलं असतं. ज्या बल्बखाली मी अभ्यास करून वाढले त्याच्याकडे बघायला मला विद्यापीठात जावं लागलं. हे चांगलं की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे झालं गोड गोड. आता हिशोबाची दुसरी बाजू, कारण भाचाही हे वाचणार आहे.

आमच्या चौदा जणांतला एक जण मालिकांमध्ये दिसतो. दोघं शिकवतात. एकजण जाहिरातींच्या डबिंगमध्ये स्थिरावला. मनगट मोडलेला मित्र आज बँकेत मॅनेजर आहे आणि अजून मला दिवाळीला फोन करून "वायरिंग तपासलं का" विचारतो. बाकीचे नाटकापासून लांब आहेत. मला प्रकाशयोजनेची सहायक म्हणून एका प्रयोगाचे तीनशे रुपये मिळायचे, तेही महिन्यातून चार-पाच प्रयोग झाले तर. पुढे लग्नांची आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांची लायटिंग केली. गेली काही वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्याला भोगावं लागतं त्यालाच कळतं: सुट्टीचा पगार नाही, पुढच्या जूनची खात्री नाही. मधूनमधून नाटकांचे दिवे करते, त्यावर जीव आहे. पण घर चाललं ते नवऱ्याच्या पगारावर, हे लिहायला मला लाज वाटत नाही आणि लपवायची इच्छाही नाही. मुलाखतींमध्ये लोक "संघर्ष केला" म्हणतात ना, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी कुणीतरी दुसरं कमावत असतं.

आणि माझ्या बाबतीत ते दुसरं कुणीतरी आधी कोण होतं, हे मला २०११ साली कळलं.

दिवाळीला माहेरी गेले होते. आई अंगणात घेवडा निवडत बसली होती, बोलता बोलता सहज बोलून गेली. १९९९ साली धाकटा दहावी झाला होता, ८४ टक्के. त्याला अकरावी सायन्स करून इंजिनिअरिंगच्या डिग्रीला जायचं होतं. अण्णांनी त्याला डिप्लोमाला घातलं, इलेक्ट्रिकलला. मला तेव्हा वाटलं होतं की त्यालाच डिप्लोमा हवा होता. मी विचारलं कुठे होतं? अण्णा त्याला म्हणाले होते, "ताईचं काय हुईल सांगता येत न्हाय. एकाचं तरी तीन वर्षांत हाताशी यायला पायजे." म्हणजे यातून पुढे काय, हा प्रश्न अण्णांनी मला विचारला नाही, कारण त्याचं उत्तर त्यांनी धाकट्याकडून घेतलं होतं. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला जाता येत होतं. तेही त्याने केलं नाही. २००२ साली एमआयडीसीत नोकरीला लागला. त्याच वर्षी मला दर महिन्याला घरून पाचशे रुपयांची मनीऑर्डर यायला लागली. अण्णांच्या नावाने यायची. ती दीड वर्षं आली. ते पैसे अण्णांचे नव्हते.

एकोणीस वर्षांचा होता तो तेव्हा.

मी घेवड्याची शेंग हातात धरून नुसती बसले. त्याला त्याबद्दल कधी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. आमच्याकडे हे असंच चालतं. आता त्याचा पोरगा उठून त्याला म्हणतोय मला फिल्मला जायचंय, आणि तो मला फोन करतो, "तूच समजव."

तर भाच्याला मी काय सांगितलं? गेल्या रविवारी तासभर बोललो आम्ही. तो म्हणाला, "आत्या, तू तरी नको म्हणू नकोस." मी नको म्हटलं नाही. मी त्याला लोड मोजायला सांगितलं.

म्हणजे असं. तो ज्या खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन बसलाय, तिथली फी वर्षाला काही लाख आहे. माहितीपत्रकात काचेची इमारत आणि हसणारी मुलं आहेत. मी म्हटलं, तिथे जाऊन विचार: पहिल्या वर्षी कॅमेऱ्याला, साउंडच्या मशीनला हात लावायला मिळतो का? किती मुलांत किती कॅमेरे? शिकवणारा माणूस स्वतः काम करतो का? गेल्या तीन वर्षांतली मुलं आज काय करतात? आणि मागच्या बाजूला जाऊन बघ, अर्थिंगचा खड्डा ओला आहे का :). मग त्याला इतर वाटा सांगितल्या. सरकारी संस्था आहेत, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून, तीही 'प्रभात'च्या जुन्या स्टुडिओच्या जागेत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. एनएसडी आणि फिल्म इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी आधी पदवी लागते, जागा थोड्या, प्रवेश अवघड. म्हणजे आत्ता कुठलीतरी साधी पदवी कर, त्याबरोबर नाटक कर, मग जा. कर्ज काढून जायचं असेल तर ते फेडणार कोण हे नाव घेऊन सांग. "बाबा" हे उत्तर चालणार नाही. एकच हुन्नर धर आणि तो हाताने शीक: साउंड, एडिटिंग, दिवे, काहीही. दिग्दर्शक व्हायचंय हे सगळेच म्हणतात. केबल नीट गुंडाळता येणारा माणूस मात्र मिळत नाही.

तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "केबल गुंडाळायला शिकवशील?"

सध्या तो माझ्याकडे आलाय पंधरा दिवस. काल एका प्रयोगाला बरोबर नेलं. आता सगळे एलईडी दिवे आलेत, पूर्वी हजार वॅट खायचं ते काम आता दोनअडीचशे वॅटमध्ये होतं. एका डेटा केबलवर ५१२ चॅनेल. अण्णांच्या काळातला तो लोड राहिला नाही. तरी मी दिवे टांगण्याआधी प्रत्येक बॉडीला टेस्टर लावते. भाच्याने विचारलं, "हे कशाला? आता तर सगळं सेफ असतं." मी त्याला मनगटाची गोष्ट सांगितली. जाड तारेसकट. घरात ती फक्त अण्णांना माहीत होती.

हे सगळं लिहून झाल्यावर मी धाकट्याला फोन करून वाचून दाखवलं, कारण यात त्याचं खासगी आहे. मनीऑर्डरपाशी आल्यावर मी थांबले. तो म्हणाला, "वाच की पुढं." पुढे वाचलं. संपल्यावर तो म्हणाला, "सहाशे होते."

"काय?"

"पाचशे न्हवं, सहाशे पाठवायचो. शेवटच्या सहा महिन्यांत." आणि मग, "टाक खुशाल. पोराला काय वाटंल तसं ठरवू दे. पण पैशाचं ते नाव घेऊन सांग म्हणालीस ना, ते बरं केलंस."

चोवीस वर्षं झाली, आणि मी त्याला अजून थँक्यू म्हणाले नव्हते. फोनवरही म्हणवलं नाही, घसा बसला. म्हणून इथे लिहून ठेवते. धाकट्या, माझ्या दोन वर्षांच्या लोडमधला एक फेज तुझ्यावर होता. मला माहीत नव्हतं. आता आहे.

भाच्याला बारावीनंतर कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. फॉर्म भरायला नऊ दिवस आहेत. तो आत्ता गॅलरीत बसून केबल गुंडाळतोय, चुकीच्या बाजूने पीळ घालतोय. जाऊन सांगते.